आपल्या मालावर आपले नाव
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी जेव्हा मला 'व्यापारचिन्हाची नोंदणी व तिचे रक्षण' या विषयावर बोलण्यास सांगितले, तेव्हा मी त्यांना स्पष्टपणे म्हणालो की, मी वकील नव्हे आणि व्यापारीही नव्हे. मॅट्रिक होऊन प्राथमिक शाळेत लागलेला मी एक साधा शिक्षक. त्यावर ते म्हणाले, "गुरुजी, म्हणूनच तुम्हाला सांगतो. वकिलांनी सांगितलेले आम्हाला भय घालते; तुम्ही सांगितलेले समजेल." निवृत्तीनंतर समाजातील अनेक मुले सरकारी कागद वाचून घेण्यासाठी माझ्याकडे येतात. त्या निमित्ताने या कायद्याची मला जी ओळख झाली, तेवढीच आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

प्रथम घरातील एक गोष्ट सांगतो. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, उत्तम कारागीर होते. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले कातडे, रापी, आरी आणि चामड्याची वादी एवढ्यावर त्यांचा संसार उभा होता. त्यांच्या जोडाला खिळा माहीत नव्हता. जोड पुरा झाला म्हणजे टाचेच्या आतल्या अंगाला ते करवंदाएवढा मोरपिसाचा ठसा उमटवीत. शहरातील एक व्यापारी त्यांच्याकडून डझनावारी माल नेत असे. १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे त्या व्यापाऱ्याने तसाच ठसा दुसरीकडे घडवून घेतला, आणि तळात पुठ्ठा घातलेल्या हलक्या मालावर तो उमटविण्यास आरंभ केला. पहिल्या पावसात तो पुठ्ठा फुगला. गिऱ्हाईक व्यापाऱ्याकडे गेले नाही, ते आमच्या दारी आले. "मोरपीस बघून घेतला होता" असे म्हणून एका वृद्ध शेतकऱ्याने तो जोड आबांच्या पुढ्यात ठेवला, तेव्हा मी सातवीत होतो आणि तेथेच बसलो होतो.

आबा एका वकिलांकडे गेले. वकील सज्जन होते. त्यांनी तीनच प्रश्न विचारले. हा ठसा तुम्ही कोणत्या सालापासून वापरता? त्याचे एखादे बिल, पावती, वहीतील नोंद आहे काय? तो तुमच्या नावे नोंदलेला आहे काय? आबांपाशी तिन्ही प्रश्नांचे उत्तर नव्हते. घरी येऊन त्यांनी तो ठसा ट्रंकेत टाकला आणि पुन्हा कधी हाती घेतला नाही. त्यापुढे त्यांनी वीस वर्षे चपला केल्या. परंतु त्या बिननावाच्या.

बंधूंनो, आबांचे ज्ञान कमी नव्हते. त्यांच्याजवळ कागद नव्हता. तो कागद कसा मिळवावा आणि कसा राखावा, हाच आजचा विषय आहे.

व्यापारचिन्ह म्हणजे काय, हे मी शाळेतील उदाहरणाने सांगतो. वर्गात चाळीस पाट्या सारख्याच असत. म्हणून प्रत्येक मूल आपल्या पाटीच्या चौकटीवर काही खूण कोरी. कोणी अक्षर, कोणी फूल. पाटी हरवली तरी खुणेवरून धनी सापडे. बाजारातील मालाचेही तसेच आहे. हा माल कोणाच्या हातचा, हे ज्या शब्दावरून, चित्रावरून, अक्षरांवरून किंवा वेष्टनावरून ओळखू येते, ते व्यापारचिन्ह होय. त्याने कारागिराची कीर्ती राखली जाते आणि गिऱ्हाइकाचीही फसवणूक टळते.

आपल्या देशात या विषयाचा पहिला सर्वदेशीय कायदा १९४० साली झाला. त्याच्या जागी १९५८ चा कायदा आला. सध्या चालतो तो १९९९ चा कायदा. तो १५ सप्टेंबर २००३ पासून अंमलात आहे. व्यापारचिन्ह निबंधकांचे मुख्य कार्यालय मुंबईस आहे आणि महाराष्ट्रातील अर्ज त्याच कार्यालयाच्या कक्षेत येतात. मात्र आता अर्ज संगणकावरून घरबसल्या करता येतो.

चिन्ह कोणते निवडावे, येथे आपले लोक पहिली चूक करतात. ते मालाचे वर्णनच चिन्ह म्हणून निवडतात. 'टिकाऊ', 'उत्तम', 'अस्सल चामडे' हे शब्द सर्वांच्या वापराचे आहेत. ते एकाच्या नावे करून दिले तर उरलेल्यांनी आपल्या मालाचे वर्णन कसे करावे? म्हणून कायदा अशा शब्दांना सहसा नोंदणी देत नाही. गावाच्या नावाचेही तसेच. फार वर्षांच्या वापराने एखाद्या वर्णनात्मक शब्दालाही वेगळी ओळख येऊ शकते. परंतु ते सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर असतो. याउलट ज्या शब्दाचा मालाशी काही संबंध नाही, तो चिन्ह म्हणून बळकट ठरतो. दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत शाईचा उद्योग काढला आणि पुढे त्यांच्या मालावर उंट आला. उंटाचा आणि शाईचा काय संबंध? काही नाही, आणि म्हणूनच ते चित्र त्यांचे झाले.

कोल्हापुरात आणखी एक गोष्ट विशेष सांगितली पाहिजे. छत्रपती शिवाजी महाराजांविषयी आपणा सर्वांच्या मनात पूज्यभाव आहे, आणि त्यापोटी दुकानाला व मालाला महाराजांचे नाव किंवा चित्र द्यावे असे वाटते. परंतु बोधचिन्हे व नावे यांच्या अनुचित वापरास प्रतिबंध करणारा १९५० चा एक कायदा आहे. त्याच्या परिशिष्टात छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी इत्यादींची नावे व चित्रे आहेत. ती व्यापारचिन्ह म्हणून नोंदता येत नाहीत. पायात घालावयाच्या वस्तूच्या बाबतीत तर हा विवेक आपण कायद्यावाचूनही बाळगला पाहिजे.

आता नोंदणीची रीत. तिच्या पायऱ्या मी फळ्यावर लिहाव्यात तशा क्रमाने सांगतो.

पहिली पायरी शोधाची. आपण योजलेले किंवा त्याच्यासारखे चिन्ह आधीच कोणी नोंदले आहे काय, हे निबंधकांच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. केवळ लेखन पाहू नये, उच्चारही पाहावा. कान फसतो तेथे कायदाही साम्य मानतो.

दुसरी पायरी वर्गाची. सर्व माल व सेवा यांचे ४५ वर्ग केलेले आहेत. त्यांतील ३४ मालाचे आणि ११ सेवांचे. पादत्राणे २५ व्या वर्गात येतात. कातडे व चामडी पिशव्या १८ व्या वर्गात, आणि दुकानदारीची सेवा ३५ व्या वर्गात. चपलांसाठी केलेली नोंदणी पिशव्यांना आपोआप लागू पडत नाही, हे ध्यानी ठेवावे.

तिसरी पायरी अर्जाची. 'टीएम-ए' या नमुन्यात अर्ज होतो. २०१७ च्या नियमांप्रमाणे एकटी व्यक्ती किंवा लहान उद्योग यांस संगणकावरून केलेल्या अर्जास दर वर्गामागे ४,५०० रुपये आणि कागदी अर्जास ५,००० रुपये शुल्क आहे. मोठ्या कंपन्यांना याच्या दुप्पट पडते. अर्जात एक प्रश्न असा असतो की, हे चिन्ह केव्हापासून वापरात आहे? जुने साल लिहिण्याचा मोह होतो. परंतु त्या सालाच्या वापराचे प्रतिज्ञापत्र व पुरावे जोडावे लागतात. जेवढे सिद्ध करता येईल तेवढेच लिहावे. अद्याप वापर सुरू नसेल तर तसे सांगूनही अर्ज करता येतो.

चौथी पायरी तपासणीची. अधिकारी अर्ज तपासून आक्षेप कळवितात. आक्षेप आला म्हणजे अर्ज बुडाला असे समजून आपली मुले स्वस्थ बसतात. तसे करू नये. तो कागद मिळाल्यापासून एक महिन्याच्या आत समर्पक उत्तर द्यावयाचे असते. जरूर तर सुनावणीही मिळते. उत्तर न दिल्यास मात्र अर्ज सोडून दिला असे धरले जाते.

पाचवी पायरी प्रसिद्धीची. अर्ज मान्य झाल्यावर तो व्यापारचिन्हांच्या नियतकालिकात छापला जातो. तेथून चार महिन्यांच्या आत कोणीही विरोध नोंदवू शकतो. विरोध न आल्यास, किंवा आलेला विरोध फेटाळला गेल्यास, प्रमाणपत्र मिळते. नोंदणी अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षे चालते आणि दर दहा वर्षांनी नूतनीकरण करून ती कितीही काळ चालू ठेवता येते. पेटंटाला वीस वर्षांचा अंत आहे. व्यापारचिन्ह नीट राखले तर पिढ्यान् पिढ्या टिकते. प्रमाणपत्र हाती येईपर्यंत नावापुढे 'टीएम' ही अक्षरे लावावीत. वर्तुळातील 'आर' हे अक्षर नोंदणी झाल्यावरच लावावे. त्याआधी लावणे बेकायदा आहे.

आता रक्षणाविषयी. प्रमाणपत्र चौकटीत घालून भिंतीवर लावले म्हणजे काम संपले असे नव्हे. नोंदलेले चिन्ह सलग पाच वर्षांहून अधिक काळ वापरलेच नाही, तर ते नोंदवहीतून काढून टाकावे असा अर्ज दुसरा कोणी करू शकतो. म्हणून चिन्ह वापरात हवे आणि त्या वापराचा पुरावाही हवा. बिलावर चिन्ह छापावे, बिलांच्या स्थळप्रती वर्षवार बांधून ठेवाव्यात, जाहिरातीची कात्रणे जपावीत.

नक्कल झाली असे केव्हा म्हणावे? या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा १९७२ सालचा एक निवाडा आपणास उपयोगी आहे. पार्ले कंपनीच्या ग्लुको बिस्किटांच्या नोंदलेल्या वेष्टनावर शेतघराचे अंगण, गाई, कोंबड्या आणि मधोमध एक मुलगी असे चित्र होते. म्हैसूरच्या एका कारखानदाराने जवळजवळ तसेच वेष्टन काढले. न्यायालयाने सांगितले की, दोन वेष्टने शेजारी ठेवून त्यांतील फरक मोजत बसू नये. गिऱ्हाईक काही दोन्ही पुडे हातात घेऊन दुकानात उभे राहत नाही. एकंदर ठेवण इतकी सारखी आहे काय, की एक घ्यावयास गेलेला मनुष्य दुसरे घेऊन येईल, हे पाहावयाचे. आबांकडे आलेला तो वृद्ध शेतकरी मला हा निवाडा वाचताना आठवला.

दुसरा निवाडा १९६२ सालचा आहे आणि तो गप्प बसण्याचे फळ काय, हे शिकवितो. 'अमृतधारा' हे औषध १९०३ पासून प्रसिद्ध होते. कानपूरच्या एका गृहस्थांनी १९२३ पासून 'लक्ष्मणधारा' या नावाने तशाच प्रकारचे औषध विकण्यास सुरुवात केली. नावे फसवणूक होण्याइतकी सारखी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. तथापि ती विक्री इतकी वर्षे उघडपणे चालू असता अमृतधारेचे मालक स्वस्थ राहिले, ही गोष्टही न्यायालयाने विचारात घेतली आणि लक्ष्मणधारेची नोंदणी उत्तर प्रदेशापुरती राहू दिली. नक्कल दिसताच लेखी नोटीस द्यावी, हा याचा बोध.

नोटिशीने न भागल्यास दिवाणी दावा करता येतो. तो जिल्हा न्यायालयाखालील कोर्टात चालत नाही. परंतु नोंदणीधारक जेथे राहतो किंवा धंदा करतो तेथे तो दाखल करता येतो. म्हणजे नक्कल दिल्लीत झाली तरी कोल्हापूरचा माणूस कोल्हापुरात दाद मागू शकतो. खोटे चिन्ह लावणे हा गुन्हाही आहे आणि त्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद व दंड सांगितला आहे. नोंदणी नसलेल्या जुन्या चिन्हालाही कायद्याने अगदी वाऱ्यावर सोडलेले नाही. दुसऱ्याच्या लौकिकावर आपला माल खपविणाऱ्याविरुद्ध दावा चालतो. मात्र तेथे आपला लौकिक, त्याची फसवेगिरी आणि आपले नुकसान, हे सर्व आपणास शाबीत करावे लागते. आबांना हाच मार्ग होता आणि पुराव्याअभावी तोही बंद झाला.

येथवर एकट्याच्या नावाचे झाले. आता सर्वांच्या नावाकडे वळू. 'कोल्हापुरी' हे नाव कोणाचे? ते कोणा एका दुकानदाराचे नाही. अशा नावांसाठी भौगोलिक निर्देशनाचा वेगळा कायदा आहे. तोही १९९९ चाच, आणि त्याचे नोंदणी कार्यालय चेन्नईस आहे. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली ही नोंदणी मिळाली. कोल्हापुरी चपलेची नोंदणी २०१८ साली झाली. ती महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकाचे डॉ. बाबू जगजीवनराम चर्मोद्योग विकास महामंडळ या दोघांच्या नावे आहे. तिच्या क्षेत्रात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे येतात. काहींना हे खटकते. परंतु कापशीचा कारागीर आणि अथणीचा कारागीर यांची रापी एकच आहे. कायद्याने सीमेच्या दोन्ही अंगांचा हात मान्य केला, यात मला वावगे दिसत नाही.

जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरी प्राडा या कंपनीने आपल्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारखीच पादत्राणे मांडली. मूळ कोठले याचा उल्लेख केला नाही. आपल्याकडे मोठा क्षोभ झाला. महाराष्ट्र चेंबरने पत्र लिहिल्यावर, ही पादत्राणे भारतीय पारंपरिक हस्तकलेवरून सुचली, असे कंपनीने मान्य केले. जुलैमध्ये तिची माणसे कोल्हापुरास येऊन गेली. डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही महामंडळांशी करार होऊन येथे २,००० जोड करून घेण्याचे जाहीर झाले.

या प्रकरणाचे दोन धडे आहेत. पहिला असा की, भौगोलिक निर्देशन नावाचे रक्षण करते, आकाराचे नव्हे. त्या कंपनीने 'कोल्हापुरी' हा शब्द वापरला नव्हता. केवळ 'चामडी सँडल' म्हटले होते. जुन्या, सर्वांना माहीत असलेल्या आकाराची डिझाइन म्हणूनही नोंदणी होत नाही, कारण तो नवा नसतो. दुसरा धडा मुंबई उच्च न्यायालयाने दिला. काही वकिलांनी कारागिरांच्या वतीने लोकहिताची याचिका केली होती. जुलै २०२५ मध्ये ती फेटाळली गेली. हक्क ज्यांच्या नावे नोंदलेला आहे त्यांनी दाद मागावी, असा त्याचा आशय होता. म्हणजे दुसऱ्या कोणी आपल्यासाठी हळहळून भागत नाही.

बंधूंनो, येथे आपण स्वतःस एक प्रश्न विचारला पाहिजे. नोंदणी महामंडळांच्या नावे आहे. परंतु त्या नावाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून प्रत्येक कारागीर स्वतःची नोंद करू शकतो. २०२० साली त्याचे शुल्क ५०० रुपयांवरून अवघे १० रुपये करण्यात आले. आज या सभागृहात बसलेल्यांपैकी किती जणांनी ती नोंद केली आहे? मी हात वर करावयास सांगत नाही. प्रत्येकाने मनाशी उत्तर द्यावे. मिलानवर रागावण्यास आपण एका दिवसात एकत्र आलो, आणि दहा रुपयांच्या अर्जाला आपणास सवड होत नाही, हे मला शिक्षक म्हणून बोचते.

तेव्हा दोन्ही नोंदी हव्यात. 'कोल्हापुरी' हे आपले आडनाव समजा. ते सर्व भावंडांचे एकच. परंतु आडनावाने घर कळते, माणूस कळत नाही. त्यासाठी प्रत्येकास स्वतःचे नाव हवे, आणि ते व्यापारचिन्हाने मिळते. आपण बिननावाचा माल दुकानदारास देतो आणि त्यावर त्याचा ठसा बसतो, तोवर गिऱ्हाईक दुकानदारास ओळखणार, आपणास नव्हे. भाव ठरविण्याचे बळही त्याच्याच हाती राहणार.

कुटुंबाविषयी एक शब्द. भाऊ विभक्त होतात तेव्हा घर, अवजारे, भांडी वाटली जातात. नाव कोणाचे हे कोणी लिहीत नाही. मग तीन भाऊ तीन दुकानांवर एकच नाव लावतात, आणि वीस वर्षांनी त्यांची मुले कोर्टात उभी राहतात. व्यापारचिन्ह ही मिळकत आहे. ती विकता येते, देता येते, वापरावयास परवाना देता येतो. म्हणून वाटणीपत्रात तिचाही उल्लेख करावा. आणि ज्या घरी वेणी गुंफण्याचे व शिवणीचे निम्मे काम स्त्रिया करतात, तेथे अर्जावर त्यांचेही नाव असावे.

मंडळास माझी नम्र सूचना आहे की, महिन्यातून एक सायंकाळ या कामासाठी राखून ठेवावी. एक संगणक, एक जाणता तरुण आणि एक म्हातारा शिक्षक एवढ्यावर ते चालेल. म्हातारा शिक्षक मी आजच देऊ करतो.

शेवटी एक गोष्ट सांगून रजा घेतो. माझा पुतण्या घरचा धंदा पुढे चालवीत आहे. गेल्या वर्षी त्याने ट्रंकेतील तो मोरपिसाचा ठसा मागून घेतला आणि २५ व्या वर्गात अर्ज केला. वापर कधीपासून, या रकान्यात आजोबांच्या काळचे साल लिहावे असे त्याच्या फार मनात होते. मी त्यास म्हणालो, "बाळ, मधली पन्नास वर्षे आपण गप्प होतो. तू ज्या दिवशी पहिला जोड विकलास, तीच तारीख लिही आणि त्या दिवसाचे बिल जोड." त्याने तसे केले. अर्ज मान्य होऊन छापला गेला आहे आणि चार महिन्यांची मुदत सध्या चालू आहे. आबा आज असते तर त्या वकिलांच्या तिन्ही प्रश्नांना उत्तर देण्यासाठी त्यांनी नातवाकडे बोट दाखविले असते.